‘पाव’ या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याला मी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. बदलीवर आलेले बँकेतले लोक, लग्न करून इथे आलेल्या मुली, घोडबंदर रोडला नवं घर घेतलेली जोडपी असे माझे विद्यार्थी. गेल्या वर्षी चेन्नईहून आलेले एक गृहस्थ पहिल्याच आठवड्यात जांभळी नाक्यावर एका वाण्याकडे गेले आणि नीट पाठ केलेलं वाक्य म्हणाले, “पाव द्या.” वाण्याने वजनकाटा पुढे ओढला. “पाव किलो काय देऊ?” तेवढ्यात शेजारी उभी असलेली एक बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती, “देव पावला बघ एकदाचा!” गृहस्थ रिकाम्या पिशवीने वर्गात आले आणि त्यांनी वहीत एकाखाली एक तीन वेळा ‘पाव’ लिहून माझ्यापुढे ठेवलं. तेव्हापासून या शब्दावरचे प्रश्न थांबलेले नाहीत. जे पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

‘पाव’ हा एकच शब्द आहे की अनेक?

तीन. खायचा पाव पोर्तुगीजातून आला. पाव किलोतला पाव संस्कृत ‘पाद’पासून झाला. देव पावतो त्यातला पाव ‘प्राप्’ या धातूपासून आला. तिघांचं तोंड सारखं झालं ते मराठीत पोचल्यावर. त्याआधी त्यांची एकमेकांशी ओळखही नव्हती. एकाचा अर्थ दुसऱ्यातून काढायला गेलं की भलत्याच गोष्टी जन्माला येतात. त्या गोष्टी पुढे येतीलच.

खायचा पाव मूळचा कुठला?

पोर्तुगीज भाषेत ब्रेडला जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारण ‘पाँव’ असा, नाकातून. तो आला लॅटिनच्या ‘पानिस’पासून. ‘पानिस’ म्हणजे ब्रेडच. त्याच्याही मागे गेलं तर खाऊ घालणं, पोसणं, राखणं अशा अर्थाचा एक फार जुना धातू असावा, असं भाषांचे अभ्यासक मानतात. संस्कृतात राखणं या अर्थाचा ‘पा’ धातू आहे. गाई राखतो तो गोप, माणसं राखतो तो नृप. त्या हिशेबाने बेकरीतला पाव आणि गोकुळातला गोप यांचं फार दूरचं नातं निघतं. हे नातं हजारो वर्षांपूर्वीचं आहे. आपल्याकडे पाव मात्र सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगीजांबरोबर आला.

आणखी एक बारीक गोष्ट मला फार आवडते. पोर्तुगीजात हा शब्द पुल्लिंगी आहे आणि मराठीतही आपण ‘तो पाव’ म्हणतो. ‘ती भाकरी’, ‘ती पोळी’, ‘ती चपाती’ या सगळ्या मैत्रिणींमध्ये येऊनही त्याचं लिंग बदललं नाही.

‘पाँव’चा ‘पाव’ झाला हे कशावरून? नुसता आवाज जुळतो म्हणून?

नुसता आवाज जुळणं हा पुरावा नव्हे, हे वर्गात मी पहिल्याच दिवशी सांगते. पुरावा असतो तो पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या बदलात.

पोर्तुगीजात शेवटी हाच नाकातला ‘आँव’ असलेले शेकड्याने शब्द आहेत. त्यातला एक म्हणजे बोली लावून वस्तू विकण्याचा, उच्चार साधारण ‘लैलाँव’. त्याचा मराठीत झाला ‘लिलाव’. म्हणजे पाँवचा पाव आणि लैलाँवचा लिलाव. शेवटचा नाकातला सूर मराठीने दोन्हीकडे सारखाच सोडून दिला. कोकणीने तो काही ठिकाणी जपला. २४ जूनला गोव्यात विहिरींत उड्या मारून साजरा होतो तो सण ‘सांजांव’, म्हणजे सेंट जॉनचं पोर्तुगीज नाव. हा जॉन म्हणजे बाप्तिस्मा देणारा योहान. आपल्या ठाण्यात तलावपाळीजवळचं जुनं चर्चही त्याच संताच्या नावाचं आहे.

उलट दिशेनेही पाहता येतं. आपल्या ‘दमण’ला पोर्तुगीज ‘दमाँव’ म्हणत आणि लिहीत. म्हणजे आपल्या कानाला जिथे शेवटी ‘ण’ किंवा ‘न’ ऐकू येई, तिथे त्यांच्या तोंडी ‘आँव’ येई. हे लक्षात ठेवा, जपानच्या प्रश्नाला कामाला येईल.

पाव पायाने मळतात म्हणून ‘पाव’ म्हणतात, हे खरं आहे का?

नाही. हा प्रश्न दर तुकडीत येतो आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर किंचित किळस असते, म्हणून याला मी वेळ देते.

पहिली गोष्ट, मराठीत पायाला ‘पाय’ म्हणतात. ‘पाँव’ हिंदीत. मराठी माणसाने आपल्या रोजच्या खाण्याला नाव ठेवताना स्वतःचा पाय सोडून हिंदीतला पाँव का उचलावा? दुसरी गोष्ट, हाच शब्द श्रीलंकेत आहे, जपानमध्ये आहे. तिथे पायाला कुणी पाँव म्हणत नाही, तरी पावाला तेच नाव आहे. तिसरी गोष्ट, लिलावासारखे सख्खे भाऊ समोर उभे असताना शब्दाचा बाप दुसरीकडे शोधायचं कारण उरत नाही.

पण मला खरं वाईट वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. ही गोष्ट सांगताना आपण एका कष्टकरी माणसाच्या हातावर संशय घेतो. चरईतल्या एका बेकरीत मी पहाटे साडेचारला जाऊन उभी राहिले होते. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट आणि थोडी साखर यंत्रात फिरत होती. तयार गोळा फळीवर आला की दोन माणसं न बोलता त्याचे सारख्या मापाचे तुकडे तोडत, तळहाताखाली एकच गरका देऊन गोल करत आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवत. दोन गोळ्यांमध्ये बोटभर जागा. थोड्या वेळाने पाहिलं तर ती जागा भरून गेली होती. गोळे फुगून एकमेकांना भिडले होते. म्हणून पावाच्या बाजू पांढऱ्या आणि मऊ राहतात, फक्त वरची पाठ तांबूस होते. आपण लादीतून पाव सोडवतो तेव्हा बाजूला जे तंतू सुटतात, ते या भिडण्याचे.

मी त्या बेकरीवाल्या दादांना पायाची गोष्ट विचारली. ते ट्रे खाली ठेवून म्हणाले, “ताई, माझ्या लहानपणापासून ऐकतोय. शाळेत पोरं मला चिडवायची.” पुढे ते काही बोलले नाहीत, ट्रे उचलून भट्टीकडे गेले. ती सकाळ झाल्यापासून मी हा प्रश्न हसून सोडून देत नाही.

मोठ्या ब्रेडचा पाव भाग म्हणून ‘पाव’, हे तरी बरोबर आहे ना?

ही समजूत ऐकायला जास्त शहाणी वाटते, पण तीही चूक. आपल्याकडे लादी सहसा सहाची असते, चारची नव्हे. याहून पक्का पुरावा गुजरातीत आहे आणि ठाण्यात तो ऐकायला फार लांब जावं लागत नाही. गुजरातीत पाव किलोला ‘पा किलो’ म्हणतात आणि पावभाजीतल्या पावाला ‘पाउं’, शेवटी अनुस्वार देऊन. पाव हिस्सा वेगळा, खायचा पाव वेगळा. दोन्ही एकाच मुळाचे असते तर गुजरातीने त्यांना वेगळं केलं नसतं. शिवाय त्या भाषेने पोर्तुगीजांचा नाकातला सूरही राखून ठेवलाय.

जपानी लोक ब्रेडला ‘पान’ म्हणतात. तो शब्द आपल्याकडून गेला का?

आपल्याकडून नाही. दोघांनाही एकाच दुकानातून मिळाला. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले आणि त्यांच्यामागून ब्रेडही पोचला. जपानी कानाला तो शेवटचा नाकातला सूर ‘न’ असा ऐकू आला, म्हणून ‘पान’. मराठीने नाक सोडलं आणि ‘व’ ठेवला. जपानीने ‘व’ सोडला आणि नाक ठेवलं.

जपानीतून तो कोरियनमध्ये गेला, तिथे त्याचा उच्चार ‘प्पांग’. तैवान १८९५ ते १९४५ जपानच्या ताब्यात होतं, तिथल्या बोलीतही तो रुजला. सिंहलीत ब्रेडला ‘पान्’ आणि श्रीलंकेतल्या तमिळमध्ये ‘पाण्’ म्हणतात, तिथे मात्र पोर्तुगीज स्वतः गेले होते. बंगालीत ‘पाउरुटी’ आणि हिंदीत ‘पावरोटी’. या दोन शब्दांत नवं नाव कळावं म्हणून त्याला ओळखीची रोटी जोडून दिली आहे. आपण मराठीत तो आधार घेतला नाही, नुसत्या पावावर भागवलं.

विड्याचं पान मात्र यात आणू नका. ते ‘पर्ण’चं झालेलं आहे.

युरोपातल्या बाकीच्या भाषांत हा शब्द आहे का?

स्पॅनिशमध्ये ‘पान’, इटालियनमध्ये ‘पाने’, फ्रेंचमध्ये नाकातून म्हटलेला ‘पँ’, कॅटलानमध्ये नुसता ‘पा’. सगळे त्याच पानिसची मुलं. इंग्रजीत ब्रेडला वेगळाच शब्द आहे, पण पानिस तिथे मागच्या दाराने गेला आहे. ‘कंपॅनियन’ म्हणजे मुळात ज्याच्याबरोबर आपण भाकरतुकडा वाटून खातो तो. अशा सोबत्यांचा जमाव म्हणजे ‘कंपनी’. रेल्वेतली ‘पँट्री’ म्हणजे मुळात ब्रेड ठेवायची खोली. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कंपनीच्या गेटबाहेर पाळी सुटल्यावर दोघं तिघं उभे राहून एकाच कागदातले वडापाव खातात, तेव्हा कंपनी या शब्दाचा जुना अर्थ आणि पाव दोन्ही तिथे हजर असतात. मला हे दृश्य दिसलं की आठवल्याशिवाय राहत नाही.

या शब्दाशी ठाण्याचा काही खास संबंध आहे का?

शब्द ठाण्यातच पहिल्यांदा मराठीत आला असं मी म्हणणार नाही. पोर्तुगीज गोव्यात होते, चौलला होते, वसईला होते. पण ठाणं त्या वाटेवरचं गाव आहे, हे नक्की. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई आणि आजूबाजूचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, तेव्हा साष्टी बेटाबरोबर ठाणंही त्यांच्याकडे गेलं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ते घेईपर्यंत दोनशे वर्षं इथे त्यांचा अंमल होता. त्यांच्या कागदांत ‘कसबे ठाणे’चं रूप ‘कासाबे द ताना’ असं येतं.

त्यांनी १७३० मध्ये इथे बांधायला घेतलेला किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. आपण त्याला तुरुंग म्हणतो आणि ‘तुरुंग’ हा शब्दही पोर्तुगीज ‘ट्रोंकु’पासून आलेला आहे. बंदिवानाचे पाय अडकवायच्या लाकडी खोड्याचा तो शब्द. चावी, बटाटा, काजू, अननस, कोबी, घमेलं, फीत, पगार हेही त्याच भाषेतून आलेले. तुमच्या स्वयंपाकघरात आणि खिशात ते इतके रुळलेत की परके म्हणून ओळखू येत नाहीत.

पाव मात्र बराच काळ परका राहिला. ठाणे-वसईकडच्या म्हाताऱ्या माणसांकडून विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी अजून ऐकायला मिळतात. ताडीने आंबवलेलं पीठ आणि कुणाच्या हातचं कुणी खायचं याचे तेव्हाचे नियम लक्षात घेतले, तर पावाची एवढी धास्ती का होती ते कळतं. मराठी बायबलमधल्या प्रार्थनेतही रोजच्या अन्नासाठी ‘पाव’ नाही, ‘भाकर’ आहे. पोर्तुगीज प्रार्थनेत तिथे पाँवच म्हणतात. पण मराठी घरात रोजचं अन्न म्हणजे भाकर, आणि भाषांतर करणाऱ्यांनी ते बरोबर ओळखलं.

‘पाव किलो’तला पाव कुठून आला?

संस्कृत ‘पाद’पासून. पाद म्हणजे पाय, आणि पाद म्हणजे चौथा हिस्साही. जनावराला चार पाय, त्यातला एक म्हणजे चौथा भाग. ही कल्पना फार जुनी आहे. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात म्हटलंय की सगळी भूतं मिळून त्या पुरुषाचा एक पाद, आणि उरलेले तीन पाद अमृतरूपाने द्युलोकात. तिथे पाद म्हणजे चतुर्थांश. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय आणि प्रत्येकात चार पाद, म्हणजे पुन्हा चौथे हिस्सेच.

या पादाने मराठीला फक्त ‘पाव’ नाही दिला. ‘पादोन’ म्हणजे पावाने उणा, त्याचा झाला ‘पाऊण’. ‘सपाद’ म्हणजे पावासकट, त्याचा झाला ‘सव्वा’. पावणेतीन म्हणजे पावाने कमी तीन. हे एकदा समजलं की माझ्या विद्यार्थ्यांचा घड्याळाचा घोळ एका तासात संपतो. पावणेआठची लोकल आठच्या आधी आणि सव्वाआठची आठच्या नंतर, हे मग पाठ करावं लागत नाही, शब्दच सांगतो. आमच्या आजीच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असत. आज कुणाला यातलं काही येत असेल, तर घरातल्या मुलांसमोर ते मोठ्याने म्हणत जा, एवढी माझी विनंती आहे.

म्हणजे पायाचा आणि पाव हिश्शाचा संबंध खरा आहे?

हो, तो खरा आहे. पायाचं नातं हिश्शाच्या पावाशी आहे, खायच्या पावाशी नाही. लोकांची गल्लत होते ती इथेच.

हे नातं पुष्कळ लांबवर गेलेलं आहे. संस्कृत पाद, ग्रीक ‘पूस’, लॅटिन ‘पेस’, फारसी ‘पा’ आणि इंग्रजी ‘फूट’ हे सगळे एकाच मुळाचे शब्द. इंग्रजीकडे जाताना ‘प’चा ‘फ’ होतो. संस्कृतात पितृ तिथे इंग्रजीत फादर, तसंच पाद आणि फूट. फारसी पायाला जामा जोडला की पायजमा होतो. ग्रीक ‘पोडियॉन’ म्हणजे छोटा पाय, त्यावरून ‘पोडियम’. घोडबंदरच्या कुठल्याही टॉवरची जाहिरात काढून बघा. पोडियम गार्डन, अमुक स्क्वेअर फूट आणि खाली पाव टक्का व्याजसवलत. तिन्ही शब्द एकाच पायावर उभे आहेत.

चेन्नईच्या गृहस्थांना मी हे सांगत होते, तेव्हा त्यांनी मला थांबवलं. “आमच्याकडे ‘काल’ म्हणजे पाय,” ते म्हणाले, “आणि ‘काल किलो’ म्हणजे पाव किलो.” तमिळमध्ये पाऊण म्हणजे ‘मुक्काल’, तीन काल. संस्कृतशी काहीही नातं नसलेल्या कुळातल्या भाषेतही पाय आणि चौथा हिस्सा एकाच शब्दाने बोलले जातात. मला हे माहीत नव्हतं आणि त्या दिवशी वर्गात शिकणारी मीच होते. तेलुगूने मात्र आपल्यासारखाच ‘पावु’ घेतलाय, तिथे पाव तासाला ‘पावु गंट’ म्हणतात. कन्नडमध्ये पाव शेराच्या मापाचं नाव ‘पावु’.

पावशेर म्हणजे पाव किलो का?

बोलण्यात हो, हिशेबात नाही. शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्याचा पाव साधारण २३३ ग्रॅम होतो. पाव किलो २५० ग्रॅमचा. बाजारात भाजीवाल्या मावशी अजून “पावशेर देऊ का?” विचारतात आणि पाव किलो तोलून देतात. गिऱ्हाइकाचा त्यात फायदाच होतो.

पावली म्हणजे काय?

चार आण्यांचं नाणं. रुपया सोळा आण्यांचा होता तेव्हा त्याचा पाव हिस्सा ती पावली. १९५७ मध्ये दशमान पैसे आले तरी २५ पैशांना लोक पावलीच म्हणत राहिले. ३० जून २०११ पासून २५ पैशांचं नाणं चलनातून गेलं. शब्द काही बाजारगप्पांत आणि कोड्यांत उरलाय.

बातम्यांत ‘रेपो दरात पाव टक्का कपात’ म्हणतात, तिथे कोणता पाव?

हिश्शाचा. पाव टक्का म्हणजे ०.२५ टक्के. बँकेत ‘पंचवीस बेसिस पॉइंट’ म्हणतात. पाव टक्का हे कुठल्याही गृहकर्जदाराला लगेच कळतं, तेव्हा मराठीत लिहिताना तेच लिहावं.

देव ‘पावतो’ तो पाव कुठला?

संस्कृत ‘प्राप्नोति’, त्याचं प्राकृतात ‘पावइ’, आणि त्यावरून मराठी ‘पावणे’. मूळ अर्थ पोचणं, मिळणं. हिंदीतला ‘पाना’ याचाच भाऊ. कोकणीत हा अर्थ अजून जिवंत आहे. ‘घरा पावलों’ म्हणजे घरी पोचलो. मराठीत तो अर्थ मागे पडत गेला आणि देवाच्या बाबतीत एक सुंदर वळण आलं. देव भक्तापर्यंत पोचतो, म्हणजे तो पावतो. कोपिनेश्वराच्या देवळात नवस फेडायला आलेली बाई “पावला गं” म्हणते, तेव्हा तिच्या बोलण्यात हाक तिथपर्यंत गेली आणि तो इथपर्यंत आला, अशा दोन्ही गोष्टी असतात.

गणपतीच्या आरतीत आपण ‘संकटी पावावे’ म्हणतो. बऱ्याच घरांत ‘संकष्टी पावावे’ असं ऐकू येतं. ते चूक आहे. संकष्टी चतुर्थीला पाव असं मागणं नाहीये, संकटात धावून ये असं मागणं आहे. पुढचे शब्द ‘निर्वाणी रक्षावे’ आहेत, त्यावरूनही हे स्पष्ट होतं. पोरांना आरती शिकवताना हा एक शब्द कृपा करून नीट शिकवा.

मृत्यू पावणे, लोप पावणे, मान पावणे यांत हाच धातू आहे. आणि ‘पावती’! पैसे पावले, म्हणजे मिळाले, याची खूण. पोचपावतीत तर पोचणं आणि पावणं दोन्ही शेजारी शेजारी बसलेत.

पाहुणा, पाऊस, पावन, पावक, पाऊल यांचं काय?

पाऊल पादाच्या घरातलं. पाऊस ‘प्रावृष्’चा, म्हणून पावसाळा आणि पावशा पक्षीही तिकडचे. पावन आणि पावक ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे या धातूचे. पाहुण्याला गावाकडे ‘पावणं’ म्हणतात, पण तो शब्द ‘प्राघूर्ण’चा. देव पावतो तसा पाहुणा पावत नाही.

चायनीज हॉटेलातला ‘बाओ’ म्हणजे पावच का?

नाही. चिनीत ‘बाओ’ म्हणजे गुंडाळणे, आणि सारण गुंडाळून वाफवलेला गोळा तो बाओ. मलेशियात त्याला ‘पाउ’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. जुळणारे आवाज जगभर सापडतात. कॅटलानमध्ये ‘पाउ’ म्हणजे शांतता, हवाईच्या भाषेत ‘पाउ’ म्हणजे संपलं, आणि खुद्द पोर्तुगीजात नाकातून न बोललेला ‘पाउ’ म्हणजे लाकूड. पोर्तुगीज दुकानात ब्रेड मागताना नाक विसरलं तर काठी मागितल्यासारखं होतं.

वडापाव आणि पाववडा एकच ना?

नाशिकला जाऊन असं म्हणू नका. तिथे पाववडा म्हणजे पावात भाजी भरून, बेसनात बुडवून तळलेला वडा. आपल्याकडचा वडापाव म्हणजे पावात ठेवलेला वडा. मराठी समासात शेवटचा शब्द आपला रंग देतो. पाववडा हा वडा आहे. पावभाजी स्त्रीलिंगी आहे कारण शेवटी भाजी आहे. ‘ती पावभाजी’, पण ‘तो वडापाव’ आणि ‘तो मिसळपाव’. घरात आपण ‘ती मिसळ’ म्हणतो, पाव जोडला की ‘तो’ होतो. नव्याने शिकणाऱ्यांना हे मी ठाण्याच्या मिसळीवरच शिकवते, मग विसरत नाहीत.

वाक्यात नेमका कोणता पाव आहे हे ओळखायचं कसं?

शेपूट बघा. खायचा पाव नाम आहे, त्याला प्रत्यय लागला की तो वाकतो. पावाला, पावात, पावाची लादी, पावांचे तुकडे. हिश्शाचा पाव दुसऱ्या शब्दाच्या आधी बसतो आणि तसाच ताठ राहतो. पाव किलोला, पाव तासात, पाव टक्क्याने. तिथे प्रत्यय पुढच्या शब्दाला लागतो. तिसरा पाव क्रियापद आहे, तो क्रियापदासारखा चालतो. पावतो, पावला, पावेल.

आणि बोलताना साधा उपाय. खायचा हवा असेल तर नुसतं ‘पाव द्या’ म्हणू नका, आकडा किंवा लादी सांगा. चेन्नईचे गृहस्थ आता जांभळी नाक्यावर जाऊन म्हणतात, “एक लादी पाव आणि पाव किलो साखर द्या.” वाणी दोन्ही बरोबर देतो.